जाऊ दे

एप्रिल २०२२ मध्ये आम्ही दादाची दोन एकर द्राक्षबाग काढून टाकली. ‘आम्ही’ म्हणते खरी, पण त्याला विचारायला मी गेले होते आणि त्याचं उत्तर ऐकून बाहेर येऊन सांगितलं तेही मीच. ओसरीवर खाट टाकलेली होती. शेजारी बसून म्हटलं, “दादा, जुनी बाग आता परवडत नाही. वेली म्हाताऱ्या झाल्या, अँगल गंजले, पोरगा एकटा पुरा पडत नाही. काढून टाकू या का?” दादानं माझ्याकडे पाहिलं, मग बागेकडे पाहिलं आणि म्हणाला, “जाऊ दे.” मी पुन्हा विचारलं. “जाऊ दे, जाऊ दे,” तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

बाहेर येऊन मी भाच्याला सांगितलं, “आप्पांची संमती आहे.” एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पुढे मी म्हणाले, “बघ, आयुष्यभराची बाग, पण एका शब्दात मोकळा झाला.” मराठीची शिक्षिका ना मी. मला त्या दोन शब्दांत वैराग्य दिसलं. आठवड्याभरात जेसीबी आला.

दादाकडे त्या वेळी तेवढे दोनच शब्द उरले होते. तहान लागली तरी ‘जाऊ दे’, पाय दुखला तरी ‘जाऊ दे’, नातवाला हाक मारायची तरी ‘जाऊ दे’. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. आठ महिने ऐकत होते. बाकी वेळी त्या शब्दांना काही अर्थ नाही असं मीच सगळ्यांना समजावून सांगत असे. त्या एका दिवशी मात्र मी त्यांना उत्तर मानलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

झटका आला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. दादाचं शेत पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे. सकाळी फवारणीची तयारी करताना पंपाजवळ कोसळला. डाव्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. नाशिकच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘अ‍ॅफेजिया’ असा शब्द होता. मराठीत त्याला वाचाघात म्हणतात. मी सगळ्यांना सांगितलं, “वाचा गेली.” हातापायांसाठी मालिशवाला लावला, फिजिओथेरपिस्ट लावला. बोलण्याच्या उपचाराचं कोणीतरी सुचवलं तेव्हा मी जे म्हणाले ते इथे लिहायला लाज वाटते. मी म्हणाले, “आधी चालू दे. शेतकऱ्याला बोलून कुठे व्याख्यानं द्यायचीत?”

व्याख्यानं मी द्यायचे. दादानं नववीत शाळा सोडली आणि वडिलांबरोबर शेतात उतरला, म्हणून मला नाशिकला राहून शिकता आलं. हे ऋण मी तोंडानं मान्य करत असे आणि त्याच तोंडानं त्याचं ‘व्हतं’ दुरुस्त करून ‘होतं’ करत असे. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. कुसुमाग्रजांच्या गावात राहणाऱ्या मराठीच्या शिक्षकाला २७ फेब्रुवारीला मोकळा वेळ मिळत नाही. कुठल्या ना कुठल्या शाळेत भाषण असतंच. माझ्या भाषणाचा गाभा ठरलेला असे : भाषा हे विचाराचं नुसतं वाहन नाही, भाषा म्हणजेच विचार. शब्द नसेल तर विचार नाही. आधाराला भर्तृहरी घ्यायचे. शब्दावाचून ज्ञान होत नाही असं ‘वाक्यपदीय’मध्ये त्यानं म्हटलंय, हे सांगितलं की मुख्याध्यापक मान डोलवायचे. टाळ्या यायच्या. या वाक्याचं दुसरं टोक आपल्याच घरातल्या खाटेवर जाऊन टेकतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तरी मी ते परतवून लावलं.

माझ्या समजुतीला बळ देणाऱ्या गोष्टीही घडल्या. पहिली आरतीची. झटक्यानंतर महिन्याभरानं गणपती आले. आरती सुरू झाली आणि खाटेवरून दादाचा आवाज आला. पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत शब्द न् शब्द. वहिनी रडायला लागल्या. मी त्याच्यापुढे निरांजन धरून विचारलं, “दादा, आता माझं नाव सांग.” “जाऊ दे.” मला राग आला. एवढी लांब आरती येते आणि बहिणीचं नाव येत नाही? दोनच शक्यता दिसल्या. एक तर हा मुद्दाम करतो, नाहीतर हे पोपटासारखं आहे, आत माणूस नाही. मुद्दाम करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. राहिली दुसरी.

दुसरी गोष्ट वाघ-सिंहाची. डिसेंबरात एकदाच, भाच्याच्या हट्टामुळे, नाशिकला एका स्पीच थेरपिस्टकडे नेलं. तिशीच्या आतली मुलगी. तिनं चित्रं ठेवून वस्तू विचारल्या, दादानं डाव्या बोटानं बरोबर दाखवल्या. मग ती म्हणाली, “काका, वाघाला सिंहानं मारलं. कोण मेलं?” पुढे वाघाचं आणि सिंहाचं चित्र. दादानं सिंहावर बोट ठेवलं. तिनं आणखी तशीच वाक्यं विचारली. कधी बरोबर, कधी चूक, छापा-काटा केल्यासारखं. मी मागे बसून पाहत होते. ‘ने’, ‘ला’, ‘चा’ हे प्रत्यय मी पाचवीच्या मुलांना शिकवलेले. कोणी मारलं आणि कोण मेलं एवढंसुद्धा याला कळत नाही, म्हणजे झालंच सगळं. ती मुलगी काहीतरी सांगत होती, आठवड्यातून तीनदा या म्हणत होती. मी ऐकत नव्हते. निकाल हाती आला होता. त्यानंतर चारच महिन्यांनी मी ओसरीवर बसून त्याला बागेबद्दल विचारलं. ज्याला वाघ-सिंहाचं वाक्य कळत नाही असं मी ठरवलं होतं, त्याची दोन एकरांवरची संमती मला चालली. दोन्हीपैकी एक तरी खोटं असायला हवं होतं. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता मार्च २०२३ ची सकाळ. उरलेल्या दीड एकरातली काढणी होती. दोनच दिवसांपूर्वी मी एका शाळेत तेच भाषण करून आले होते. घरचं माणूस हवं म्हणून भाच्यानं बोलावलं, तर गेले. बांधावर काटा लावलेला, दहा-दहा क्रेट चढत होते, उतरत होते. दादाला वहिनींनी लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. बसवलं होतं हाच शब्द बरोबर. लग्नात म्हाताऱ्यांना जसं एका कडेला बसवतात तसं.

वजन संपलं. १९४ क्रेट, ३९४० किलो. व्यापाऱ्याचा माणूस मोबाइलवर आकडे दाबत मोठ्यानं बोलत होता, “बारदान अडीच किलोनं. ४८५ वजा. निव्वळ ३४५५. भाव ३८.” भाचा रात्रभर जागा होता, त्यानं मान हलवली. पावती लिहायला सुरुवात झाली.

“जाऊ दे,” दादा म्हणाला.

कोणी पाहिलं नाही. न पाहण्याची सवय झाली होती सगळ्यांना. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. वहिनींनी पाण्याचा ग्लास नेला. त्यानं डाव्या हातानं ग्लास बाजूला केला, पाणी सांडलं. “लघवीला जायचंय का?” वहिनींनी विचारलं. “जाऊ दे!” मी काट्याजवळूनच म्हणाले, “ऊन लागलंय त्याला. घरात घेऊन जा.” तो समोर दहा पावलांवर बसलेला, आणि मी त्याच्याबद्दल बोलत होते, त्याच्याशी नाही.

मग तो ओरडला. “जाऊ दे!!”

हा आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. झटक्याआधीचा होता तो. छाटणीच्या वेळी मजुरानं गाठीच्या मागे कात्री लावली की बागेच्या दुसऱ्या टोकावरून यायचा तो आवाज. अंगावर काटा आला. आणि माझ्या शिक्षिकेच्या कानाला काहीतरी खटकलं. ‘जाऊ दे’ असं कोणी ओरडून म्हणतं का? सोडून द्यायचं असेल तर माणूस ते हळू म्हणतो, श्वास सोडत म्हणतो. इथे शब्द सोड म्हणत होते आणि आवाज धर म्हणत होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले. कपाळाला आठी, डावा हात पुढे, बोट माझ्याकडे नव्हतं, पाण्याकडे नव्हतं, घराकडे नव्हतं. बोट रिकाम्या क्रेटच्या थप्पीकडे होतं.

तो उठला. चार पायांची काठी टेकत, उजवा पाय ओढत थप्पीपर्यंत गेला. वरचं क्रेट उचलायला डावा हात मोकळा करावा लागणार होता, म्हणून काठी सोडली. तोल गेला, भाच्यानं धावत जाऊन धरलं. क्रेट खाली पडलं. दादानं ते डाव्या पायानं काट्याकडे ढकललं. एकदा, दोनदा. भाच्याला माझ्या आधी कळलं. त्यानं ते उचलून काट्यावर ठेवलं. लाल आकडे क्षणभर हलले आणि थांबले : १.९८०.

दादानं दोन बोटं वर केली. मग त्या माणसाच्या खिशातलं पेन ओढून काढलं, पावती गुडघ्यावर घेतली आणि डाव्या हातानं, बालवाडीतल्या मुलासारखं, ४८५ खाली लिहिलं : ३८८.

मी मोबाइल काढून गुणाकार केला. १९४ गुणिले २. बरोबर होता. ९७ किलोंचा फरक, ३८ च्या भावानं ३६८६ रुपये. “चुकून झालं,” तो माणूस म्हणाला, आणि माफीसुद्धा त्यानं भाच्याकडे मागितली, दादाकडे नाही. भाचा हसत होता, मजूर हसत होते, वहिनी पदरानं त्याचा घाम पुसत होत्या. सगळ्यांना आनंद झाला होता. मी मात्र बांधापलीकडच्या मोकळ्या दोन एकरांकडे पाहत होते. तिथे आता कांदा होता.

‘जाऊ दे’ म्हणजे ‘थांबा, चूक होतेय’ असंही असू शकतं. मग ओसरीवरचं ‘जाऊ दे, जाऊ दे’ काय होतं? तो बागेकडे पाहून रडत होता. मी ते पाहिलं होतं. पाहून त्यात साहित्य शोधलं होतं.

त्या रात्री मी नाशिकला परत गेले नाही. रात्रभर एकच हिशेब करत राहिले : दीड वर्षात मी त्याच्यासमोर काय काय बोलले असेन. त्याच्या औषधांचा खर्च. शेत कोणाच्या नावावर करायचं. ‘यापेक्षा देवानं नेलं असतं तर’ हे एका पाहुणीला म्हणाले होते, दारात उभी राहून, चांगल्या खणखणीत आवाजात. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायची सवय आहे मला.

दुसऱ्या आठवड्यात त्याच थेरपिस्ट मुलीकडे गेलो. दादा महिनाभर माझ्याकडे नाशिकला, इंदिरानगरात राहायला आला. तिनं मला एकही टोमणा मारला नाही. मी विचारलं, “वाघ-सिंहात चुकतो आणि बारदानाचा हिशेब पकडतो, हे कसं?” ती हसली. म्हणाली, “मॅडम, हाच प्रश्न घेऊन लोकांनी संशोधन केलंय.”

तिनं सांगितलेलं आणि मग मी स्वतः शोधून वाचलेलं असं. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात रोझमेरी व्हार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचाघात झालेल्या तीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. तिघांचंही व्याकरण जवळजवळ पूर्ण गेलेलं. कोणी कोणाला मारलं या जातीच्या वाक्यांत ते तिघेही दादासारखेच गोंधळत. पण मोठ्या संख्येतून लहान वजा करायची की लहानातून मोठी, हे त्यांना बरोबर कळत होतं. कंस असलेली उदाहरणंही ते सोडवत. वाक्यातली उलटापालट कळत नव्हती आणि आकड्यांतली कळत होती. नंतर अमेरिकेत एव्हेलिना फेडोरेंको यांनी धडधाकट माणसांच्या मेंदूची स्कॅन काढून पाहिली. वाक्य वाचताना-ऐकताना मेंदूचे जे भाग जागे होतात, ते हिशेब करताना किंवा कोडं सोडवताना जवळजवळ गप्प असतात. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी सरळच मांडलंय की भाषा हे मुख्यतः एकमेकांना सांगण्याचं साधन आहे, विचार करण्याचं नव्हे. माझं तीस वर्षांचं भाषण तिथे संपलं. यावर सगळ्या पंडितांचं एकमत आहे असं मी म्हणणार नाही, वाद चालू आहे. पण माझ्यापुरता तो वाद त्या काट्यावर मिटला होता.

संस्कृतात ‘प्रत्यय’ म्हणजे जाण, अनुभव. व्याकरणात ‘प्रत्यय’ म्हणजे शब्दाच्या शेवटी लागणारं शेपूट. भर्तृहरीच्या त्या वचनातही हाच शब्द आहे, पहिल्या अर्थानं. दादाचे दुसऱ्या अर्थाचे प्रत्यय गेले होते. मी त्याचे पहिल्या अर्थाचेही गेले असं धरून चालले. एवढा साधा श्लेष माझ्या घरात दीड वर्ष बसून होता आणि मला सुचला नाही.

आणखी एक माणूस मला त्या वाचनात भेटला, तो डोक्यातून जात नाही. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदासमोर एक रुग्ण आला. लबोर्न त्याचं नाव, वय ५१. त्याला एकच अक्षर बोलता येई : ‘तां’. बहुतेकदा दोनदा, ‘तां तां’. रुग्णालयात सगळे त्याला ‘तां’ म्हणूनच ओळखत. फार चिडला की एक शिवी मात्र स्पष्ट यायची. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकानं त्याचा मेंदू पाहिला, डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला होता, आणि त्या भागाला पुढे ब्रोकाचंच नाव मिळालं. हे सगळ्या पुस्तकांत असतं. पण ब्रोकानं लिहून ठेवलेली एक बारीक गोष्ट आहे. त्यानं लबोर्नला विचारलं, इथे किती वर्षं आहेस? लबोर्ननं हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. ते अगदी बरोबर होतं.

एकवीस वर्षं तो माणूस मोजत होता. दादानं माझ्यासमोर दोन बोटं केली तेव्हा मला हे माहीत असतं तर, असं वाटतं. पण माहिती नसणं हा माझा गुन्हा नव्हताच. वहिनींनाही यातलं काही माहीत नव्हतं, तरी त्या त्याच्याशी रोज बोलत होत्या. आज कुठली भाजी करू, हे त्याच्यापुढे दोन भाज्या धरून विचारत होत्या. मी त्यांना एकदा म्हणालेही होते, “वहिनी, कशाला उगाच? त्याला काय कळतंय?” त्यांनी काही उत्तर दिलं नव्हतं. तरी रोज दोन भाज्या धरत राहिल्या.

आरतीचं कोडंही सुटलं. पाठ झालेली आरती, पाढे, वारांची नावं, शिव्या हे सगळं मेंदू जोडून तयार करत नाही, आख्खंच्या आख्खं बाहेर काढतो. नवीन वाक्य जुळवणं हे वेगळं काम. एकोणिसाव्या शतकातल्या जॅक्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं हा फरक ओळखला होता. गाण्याच्या या उरलेल्या वाटेनं शब्द आणता येतील का, यावर १९७३ मध्ये बॉस्टनच्या मंडळींनी एक उपचार बसवला. डाव्या हाताचा ठेका धरून छोटं वाक्य दोन सुरांत गुणगुणायचं. आमच्या थेरपिस्ट बाईंनीही तो केला. ‘पाणी दे’ हे दादाचं पहिलं नवं वाक्य असं दोन सुरांत आलं. सराव केलेल्या वाक्यांना त्याचा उपयोग होतो, न केलेल्यांना फारसा नाही, हे तिनं आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं.

मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न उशिराचा होता. सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, नंतर काही नाही, असं सगळेच सांगत आणि मला ते पटवून घ्यायचं होतं. जर्मनीत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात दीडशेहून जास्त माणसं होती. सगळ्यांना झटका येऊन सहा महिन्यांच्या वर झालेले. आठवड्याला किमान दहा तास असे तीन आठवडे उपचार केल्यावर त्यांच्या रोजच्या बोलण्यात फरक पडला, आणि सहा महिन्यांनीही तो टिकून होता. म्हणजे दार बंद झालेलं नव्हतं. मी ते लोटून घेतलं होतं.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, “त्याला सगळं कळतं बरं का.” बाईंनी थांबवलं. “सगळं नाही, मॅडम. लांब वाक्य नाही. वेगानं बोललेलं नाही. चौघं एकदम बोलले तर नाहीच.” आणि मग, जरा चाचरत, “तुम्ही फार बोलता. तुमचं वाक्य संपेपर्यंत काकांच्या हातून त्याची सुरुवात निसटलेली असते.” जन्मात पहिल्यांदा मला कोणी वाक्यं छोटी करायला सांगितली. टोरांटोला ऑरा केगन यांनी जी पद्धत बसवली तीच ती आम्हाला शिकवत होती. एका वेळी एकच गोष्ट. बोलता बोलता मुख्य शब्द जाड अक्षरात कागदावर लिहायचा. चित्र काढायचं. ‘हो’, ‘नाही’ आणि प्रश्नचिन्ह, असे तीन पर्याय समोर ठेवायचे. उत्तर मिळालं की पुन्हा पडताळायचं. आणि अडला की आधी म्हणायचं, “तुम्हाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे.” हे शेवटचं वाक्य म्हणताना पहिले काही दिवस माझी जीभ अडखळत असे.

तिच्याकडच्या छापील चित्रांत दादाचं मन लागेना. मग भाच्यानं शेतावर जाऊन फोटो काढले : कात्री, फवारणीचा पंप, क्रेट, ठिबकची नळी, भाकरीची टोपली. त्यावर काम सुरू झालं. कात्रीचा फोटो ठेवायचा आणि नाव लगेच विचारायचं नाही. कशाला लागते? कुठे असते? कोण वापरतं? आजूबाजूनं चालत जायचं, मग शब्दाच्या दारात पोचायचं. ‘कात्री’ यायला नऊ दिवस लागले. त्याच्याही आधी एक शब्द असाच अवचित आला होता, तो मराठी नव्हताच : ‘कितना’. परप्रांतीय व्यापाऱ्यांशी आयुष्यभर सौदे केले, त्यातला. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी झटका आलेल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास केला होता. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत झटक्यानंतरही बुद्धीचे व्यवहार शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकभाषकांच्या दुप्पट निघालं. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोघांत सारखंच. दादाच्या मोडक्या हिंदीची मी किती थट्टा केली होती.

आज दादाकडे शंभरेक शब्द आहेत. सरावाच्या वाक्यांपलीकडे वाक्य नाही. “बाग... पाणी... उद्या” असं बोलतो, प्रत्यय एकही नाही. वाघ-सिंहात अजून चुकतो. थकला की पुन्हा ‘जाऊ दे’वरच येतो. त्या दोन शब्दांचे आम्ही आता सूर ओळखतो. वहिनी म्हणतात चार-पाच प्रकार आहेत, भाचा म्हणतो तीन. कुठला कुठला यावरून त्यांची भांडणं होतात, आणि तो ऐकून हसतो.

मला त्याला एक गोष्ट विचारायची होती. दोन वर्षं टाळली. गेल्या दिवाळीत धीर केला. स्वयंपाकघरात वहिनी कांदा चिरत होत्या, दादा टेबलाशी बसला होता. कोऱ्या कागदावर मी जाड अक्षरात लिहिलं : ‘जुनी बाग. २०२२.’ खाली : ‘काढायची होती?’ त्याखाली ‘हो’, ‘नाही’ आणि प्रश्नचिन्ह. छोटं वाक्य, एकच गोष्ट, शिकवल्याप्रमाणे. कागद त्याच्यापुढे सरकवला आणि गप्प बसले.

त्यानं बराच वेळ कागद पाहिला. मग डावं बोट ‘नाही’वर ठेवलं. ठेवून दिलं. मी पडताळायला म्हणून पुन्हा विचारणार होते, पण आवाज फुटेना. थोड्या वेळानं त्यानं बोट काढलं, कागद उलटा केला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “जाऊ दे.”

मी वहिनींकडे वळले. “वहिनी, हे कुठलं होतं हो?”

त्यांनी कांद्यावरची नजर वर केली नाही. “मला काय विचारता, ताई? ते बसलेत ना समोर.”